मदत हवी आहे: सी मध्ये फ्रेम बफरचा स्ट्राइड वाढवला की रंग तिरके वाहतात

नमस्कार मंडळी,

व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमवर चालणारा फिल्टर सी मध्ये लिहितोय. फॉरमॅट वाययूव्ही ४२०: उजेडाचा एक प्लेन म्हणजे थर (लुमा) आणि रंगाचे दोन (क्रोमा, रुंदी-उंचीने निम्मे), तिन्ही प्लेन वेगळे, एका नमुन्याला एक बाइट. आतली लूप एव्हीएक्स२ (एकदम अनेक बाइट हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) वापरून एका वेळी ३२ बाइट उचलते, तपासते आणि जागच्या जागी परत लिहिते. लोड अलाइन्ड आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ ३२ च्या पटीतल्या पत्त्यावरच सुरू व्हायला हवी.

१९२० × १०८० वर सगळं सुरळीत चालायचं. १९२० ला ३२ ने भाग जातो, त्याच्या निम्म्याला, म्हणजे ९६० लाही जातो. परवा १३६६ × ७६८ चा व्हिडिओ दिला आणि पहिल्याच फ्रेमला सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम क्रॅश.

लुमाचा स्ट्राइड (एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे बाइट) ३२ च्या पुढच्या पटीत नेला: १३७६. तो भाग सुटला. क्रोमाचा निम्मा, ६८८ धरला, तर दुसऱ्याच ओळीवर क्रॅश. डीबगरमध्ये पत्ता पाहिला, ३२ ने भागून १६ उरत होते. म्हणून क्रोमा वेगळा मोजून ७०४ केला. क्रॅश थांबला, पण आता चित्रातला चेहरा जागेवर आणि त्याचा रंग दर दोन ओळींना उजवीकडे सरकलेला. साधारण ९० ओळींनी रंग पुन्हा जागेवर आल्यासारखा दिसतो आणि परत वाहायला लागतो. फक्त लुमा काढून बघितला तर चित्र अगदी स्वच्छ.

पुढे फ्रेम एन्कोडरकडे (व्हिडिओ संकुचित करणाऱ्या भागाकडे) जाते. त्याचं फंक्शन तीन पॉइंटर घेतं, पण स्ट्राइड एकच. दर फ्रेमला ओळी कॉपी करून देणं मला टाळायचंय. अनअलाइन्ड लोड वापरून ६८८ वरच राहू का? दोन दिवस यातच गेलेत.

प्रतिसाद १

दोष एन्कोडरला दिलेल्या स्ट्राइडमध्ये आहे. तुम्ही १३७६ देता, तो क्रोमासाठी निम्मा, ६८८ धरतो. तुम्ही लिहिता ७०४ ने. फरक १६ बाइटचा, आणि क्रोमाचा एक नमुना दोन पिक्सेल व्यापतो, म्हणून दर दोन ओळींना रंग ३२ पिक्सेल सरकतो. ७०४ भागिले १६ म्हणजे ४४ क्रोमा ओळी, पडद्यावर ८८. तुम्हाला दिसणारे ९० ते हेच.

लुमा ६४ च्या पटीत न्या: १४०८. निम्मे आपोआप ७०४ येतात, तेही ३२ च्या पटीत. कॉपीची गरजच नाही.

प्रतिसाद २

६८८ वर राहू नका. क्रोमाची ओळ ६८३ बाइटची. लूप एका वेळी उचलते ते ३२ बाइटचे २१ घास ६७२ पर्यंत पोचतात, बाविसावा ७०४ पर्यंत जातो. स्ट्राइड ६८८ असेल तर हा शेवटचा घास पुढच्या ओळीचे पहिले १६ बाइट लिहून ठेवतो आणि तिथे फिल्टर दोनदा लागतो. शेवटच्या प्लेनच्या शेवटच्या ओळीला तर तुम्ही बफरच्याच बाहेर लिहाल. अनअलाइन्ड लोडने क्रॅश जाईल, ही चूक मात्र मुकाट्याने राहील, आणि ती शोधणं फार अवघड.

दुसरं, स्ट्राइड रुंदीवरून जागोजागी मोजू नका. स्ट्रक्टमध्ये प्रत्येक प्लेनचा वेगळा ठेवा, प्रकार चिन्हासहित घ्या. उलटं चित्र शेवटच्या ओळीपासून वाचायचं तर स्ट्राइड ऋण लागतो.

धागाकर्ता

१४०८ आणि ७०४ करून पाहिलं, रंग जागेवर आले! प्रत्येक फ्रेमला २४,५७६ बाइट जास्त लागतात, ते चालतील. बाविसाव्या घासाचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार.

आणखी एक चूक तुमच्यामुळे सापडली. तपासणीसाठी फ्रेम फाइलमध्ये टाकताना मी ओळींच्या शेवटच्या जादा बाइटसकट सगळा बफर एकदम लिहीत होतो, १६,२२,०१६ बाइट. बघणारा प्रोग्राम १५,७३,६३२ धरून चालतो. आता ओळीगणिक लुमाचे १३६६ आणि क्रोमाचे ६८३ बाइटच लिहितोय.