विकिपीडियाच्या कार्यशाळा बंद करा म्हणणाऱ्यांना

वाचनालयवाली:
गेल्या रविवारी दादरच्या एका वाचनालयात मराठी विकिपीडियावर संपादन शिकवायची कार्यशाळा झाली. त्यावर काल इथे एकाने लिहिलं, "चहा, बटाटेवडा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकत नाही आणि जुन्यांना कचरा उपसावा लागतो. बंद करा हे प्रकार." खाली होकारांची रांग लागली. त्यातले किती जण तिथे आले होते? मी मदतनीस म्हणून होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळचा बराच वेळ खाती उघडण्यात गेला, हे खरं. एका अंकपत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेस) चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात. सगळे वाचनालयाच्या एकाच वायफायवर, त्यामुळे सातवा माणूस अडला. आयोजकांनी आधी सवलत मागून ठेवायची असते, ती मागितली नव्हती. पण हा तयारीतला दोष आहे. त्यावरून कार्यशाळाच नको हे कसं ठरतं?

माझ्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या. मोबाईलवर बोलून मजकूर टाकायची सवय, कीबोर्डवर मराठी कधी उमटवलेलंच नाही. कंट्रोल-एम दाबून मराठी चालू होतं हे दाखवलं. मग त्यांनी आपल्या गावाचा लेख उघडला. तालुका चुकलेला होता. तो त्यांनी सुधारला, संदर्भ जोडला, 'इतिहास' उघडून आपलं सदस्यनाम तिथे दिसतंय याची खात्री केली, आणि मग शेजारच्या गावाचा लेख उघडला. व्हिडिओ बघून हे सगळ्यांना जमत नाही. शेजारी कुणीतरी बसावं लागतं.

चूक वेगळीच आहे. पहिल्याच दिवशी "प्रत्येकाने एक नवा लेख" असं फर्मान निघतं. नवख्याला आधी दुरुस्त्या करू द्या, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसू द्या. आणि महिन्याभरात त्याच लोकांना पुन्हा बोलवा. दुसरी बैठक होत नाही हे दुखणं आहे. त्यावर बोला.

गस्तवाला:
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. काकूंचं कौतुक आहेच. पण त्याच रात्री 'अलीकडील बदल', म्हणजे ताज्या संपादनांची यादी, उघडून बसलेला माणूस मी होतो. "अमुक हे एक गाव आहे" असे एका ओळीचे लेख. संकेतस्थळांवरून जसेच्या तसे उचललेले परिच्छेद. यंत्राने भाषांतर केलेली वाक्यं, ज्यांत कर्ता कोण आणि क्रियापद कुणाचं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) भंगाचा मजकूर नुसता काढून भागत नाही. तो कुठून आला ते शोधायचं, पानाच्या त्या आवृत्त्या दडवायच्या, सदस्याच्या चर्चापानावर समजावून लिहायचं. तो सदस्य उत्तर देत नाही, कारण तो परत आलेलाच नसतो.

आणि हे नवीन नाही. २०११ साली पुण्यात महाविद्यालयांतून इंग्रजी विकिपीडियासाठी मोठा शिक्षण कार्यक्रम झाला होता. विद्यार्थ्यांनी इतकी नक्कल केली की तो त्याच वर्षी गुंडाळावा लागला. त्यातून आपण काय शिकलो? दर मराठी भाषा पंधरवड्यात तेच चालू आहे.

ठाण्याची प्राध्यापिका:
विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी त्यांना तिथे कोण बसवतं ते बघा. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होते तिथे अंतर्गत गुणांसाठी वर्गच्या वर्ग संगणक कक्षात नेऊन बसवला. विषय आम्ही वाटले, मुदत संध्याकाळची. संदर्भासाठी एक पुस्तकही समोर ठेवलं नव्हतं. अशा वेळी मूल नक्कल नाही करणार तर काय करणार? गस्तवाल्यांचा राग मला पटतो, पण तो ज्यांनी आकडे मागितले त्यांच्यावर काढा. अहवालात 'इतके लेख तयार' असं लिहायचं असतं, त्यासाठी हे सगळं चालतं.

ज्ञानकोशप्रेमी:
मूळ दुखणं कुणी बोलत नाहीये. केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. वाईला तर्कतीर्थांनी विषयवार तज्ज्ञ जमवून विश्वकोश उभा केला, नोंदी तपासून घेतल्या. इथे मात्र कालपर्यंत कीबोर्ड न वापरलेला माणूस आज ज्ञानकोश लिहितो. हे मला कधीच मान्य होणार नाही.

वाचनालयवाली:
ज्ञानकोशप्रेमी, विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा २०१५ साली. तोवर पहिल्या खंडातली लोकसंख्या, जिल्हे, सरकारं सगळंच बदललं. तज्ज्ञांचं काम तज्ज्ञांनी करावं, पण गावाचा तालुका सुधारायला तज्ज्ञ लागत नाही.

बदलापूरकर:
कार्यशाळा नेहमी दादर नाहीतर फोर्ट! आणि नेहमी रविवारी! माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला की बदलापूरहून दादरला यायला किती वेळ लागतो, हे आयोजकांनी एकदा उभं राहून अनुभवावं. मी दोनदा अर्ध्यातून परतलो आहे. २०११ च्या नोव्हेंबरात भारतातली पहिली विकिपरिषद मुंबई विद्यापीठाच्या फोर्टच्या इमारतीत झाली, जिमी वेल्स आले होते. तेव्हापासून मनात आहे. इतक्या वर्षांत कल्याणपलीकडे कुणी आलं का? मुंबईत मराठी बोलणारा माणूस राहायला कुठे गेला आहे, याचा तरी विचार करा.

ठाण्याची प्राध्यापिका:
बदलापूरकरांना पूर्ण अनुमोदन. कल्याण-डोंबिवलीत वाचनालयं आहेत, वाचकही आहेत.

लोअरपरळकर:
तुम्ही जागा आणि वेळेवर भांडताय. मी शिकलो, लिहिलं, आणि लिहिलेलं काढून टाकलं गेलं. त्याचं काय?

माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पाळी संपली की शाहिरी. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा गेटसभांमधून त्यांच्या पथकाचे पोवाडे होत. कामगार मैदानावर त्यांना ऐकलेली माणसं अजून आमच्या चाळीत आहेत. एका कार्यशाळेत शिकून मी त्यांच्यावर लेख लिहिला. कुणीतरी उल्लेखनीयतेचा साचा, म्हणजे 'हा विषय लेखाच्या योग्यतेचा आहे का' अशी सूचनापट्टी, लावला आणि काही दिवसांत पान गेलं. कारण काय, तर संदर्भ नाहीत. अडीच लाख कामगारांच्या संपात गाणाऱ्या माणसाचा संदर्भ मी कुठून आणू? गिरणी मालकांवर लेख आहेत, कारण त्यांच्या नावाचे रस्ते आहेत आणि चरित्रंही छापलेली आहेत.

गस्तवाला:
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण मुलाच्या आठवणीवर ज्ञानकोशातला लेख उभा राहत नाही. आज तुमचा लेख ठेवला तर उद्या प्रत्येक नगरसेवकाचा पुतण्या काकांवर लेख घेऊन येईल. येतातच. निवडणुकीच्या आधी तर रोज.

लोअरपरळकर:
नगरसेवकाच्या पुतण्याशी माझी तुलना करू नका. संपात घरातली भांडी विकली गेली आमच्या. ज्यांच्याकडे छापखाना होता त्यांचा इतिहास उरला, हे तुम्हाला नियम म्हणून चालतं. मला चालत नाही.

गस्तवाला:
मी तुलना केली नाही. नियम दोघांना एकच लागतो एवढंच म्हटलं. आवाज चढवून संदर्भ तयार होत नाहीत.

निवृत्त ग्रंथपाल:
दोघेही थांबा जरा. संदर्भ आंतरजालावरच असला पाहिजे असा विकिपीडियाचा नियम नाही. जुन्या वर्तमानपत्रातली बातमी चालते, फक्त नाव, तारीख आणि पान नीट द्यावं लागतं. हे कार्यशाळेत कुणी सांगत नाही, कारण शिकवणाऱ्यांनाही गुगलच्या पलीकडचा संदर्भ माहीत नसतो. ग्रंथालयांत जुनी मराठी दैनिकं बांधून ठेवलेली आहेत. शाहिरी स्पर्धा, कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धा, गेटसभा यांच्या बातम्या त्यांत येत असत. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका एकटी पुरणार नाही, कारण ती मंडळानेच काढलेली असते. पण तिच्यातून तारखा सापडतात आणि त्या तारखांवरून दैनिकांत शोधता येतं.

मौखिक इतिहासाचंही तसंच. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि २००४ साली त्यांचं पुस्तक छापून आलं. आज ते संदर्भ म्हणून वापरता येतं. माणूस तोच आणि आठवणही तीच, मधे कुणीतरी ती नोंदवून, तपासून छापली एवढाच फरक.

लोअरपरळकर:
म्हणजे बाहेरचं कुणी येऊन आमची मुलाखत घेईपर्यंत आम्ही नाहीच?

निवृत्त ग्रंथपाल:
विकिपीडियापुरतं, हो. मलाही ते आवडत नाही. मौखिक संदर्भ थेट वापरून पाहायचा प्रयोग २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता. नियम मात्र तिथेच राहिला.

ठाण्याची प्राध्यापिका:
मग कार्यशाळा ग्रंथालयात घ्यायचा काही उपयोग करा ना. रविवारी लोक वाचनालयात बसून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते आणि पाठीमागे कपाटं बंद होती. संपाच्या वर्षाचे खंड टेबलावर काढून ठेवा. तारीख, मथळा, पान टिपायला शिकवा. मुलांना नक्कल करायची गरजच उरणार नाही.

बदलापूरकर:
आणि कपाटं फक्त दादरलाच आहेत, असंही कुणी समजू नये.

गस्तवाला:
हे चालेल. नवा लेख नाही, आहे त्या लेखांना छापील संदर्भ जोडणं. त्यातून माझं काम वाढणार नाही, उलट कमी होईल. 'बंद करा' हे मी प्रमाणपत्रांच्या समारंभांबद्दल म्हटलं होतं, असं हवं तर समजा. मात्र एक आत्ताच सांगून ठेवतो. पोवाड्यांचे शब्द लेखात ओतू नका. शाहीर गेल्यावर साठ वर्षं प्रताधिकार असतो. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखनही २०३० उजाडेपर्यंत मोकळं होत नाही.

लोअरपरळकर:
वडिलांच्या वह्यांचे हक्क माझ्याकडे आहेत. मी परवानगी देतो.

गस्तवाला:
तर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशी, रीतसर लेखी द्या, ईमेलने देता येते. आणि तुम्ही मुलगा आहात, तर लेख स्वतः लिहू नका. कात्रणं सापडली की चर्चापानावर मांडा. हितसंबंध नसलेला कुणीतरी लिहील.

लोअरपरळकर:
कात्रणं मी शोधायची आणि लिहायचं तिऱ्हाइताने?

गस्तवाला:
हो. लेख टिकायला हवा असेल तर तसंच.

लोअरपरळकर:
पटलेलं नाही. स्मरणिका आणतो. ८२-८३ ची दैनिकं कुठे बघायला मिळतील तेवढं ग्रंथपालांनी सांगावं.

वाचनालयवाली:
आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांशी बोलते, जुने खंड बाहेर काढायला त्यांची परवानगी लागेल. खात्यांच्या मर्यादेची सवलत या वेळी आधी मागून ठेवू. नवीन येणाऱ्यांनी शक्यतो घरूनच खातं उघडून यावं. गस्तवाले, तुम्ही एका टेबलावर बसाल का?

गस्तवाला:
बसेन. प्रमाणपत्रं छापू नका.

बदलापूरकर:
शनिवारी ठेवा.