कांगारू पद्धत : छातीशी बांधलेलं बाळ (अनुभव धागा)

धागाकर्ती : दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ उघड्या छातीशी बांधून ठेवायची ही रीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. इनक्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या) कमी, बाळं जास्त. ज्यांचा हात या कामात बसलाय त्यांनी लिहा. कौतुक नको, कृती हवी.

नवजात विभागातली परिचारिका : बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. उभं धरून स्तनांच्या मधोमध, छातीला छाती. हातपाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका कुशीला, हनुवटी जराशी वर. घोळ इथेच होतो. हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट दबते, आणि एवढंसं बाळ रडून सांगत नाही, गप्प होतं. गप्प म्हणजे झोपलं असं धरू नका. नाकपुड्या आणि ओठांचा रंग सतत दिसला पाहिजे. फडक्याची वरची कड कानाच्या पाळीखाली. आवळायचं ते छातीवर. पोटाशी सैल ठेवा, ही बाळं पोटाने श्वास घेतात.

बालरोगतज्ज्ञ : वरच्या ताईंनी मुख्य ते सांगितलंच. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे दिवसाला ८ ते २४ तास, जन्मानंतर शक्य तितक्या लवकर. एका बैठकीत निदान तासभर तरी ठेवा. सारखं काढ-घाल केल्याने बाळ उलट दमतं.

स्तनपान समुपदेशक : गर्भारपणापासून मोजून साधारण ३४ आठवड्यांआधी चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ नीट बसत नाही. तोवर काढलेलं दूध नळीने किंवा वाटीने, डॉक्टर सांगतील तसं. नळीने पाजताना बाळ छातीवरून काढायची गरज नसते.

एक बाबा : बापाची छाती चालते, केसाळ असली तरी. पुढून उघडणारा सदरा, मागे रेललेली खुर्ची. अत्तर नको, सिगारेट तर नकोच. डोळ्यांवर झापड आली की बाळ दुसऱ्याकडे द्या. पाठ अवघडते, पाय झोपतात, त्याला इलाज नाही.

परिचारिका (पुन्हा) : थांबायचं कधी, हे बहुतेक वेळा बाळच ठरवतं. अडीच किलोच्या आसपास ते फडक्यातून हातपाय बाहेर काढतं, बांधलं की कुरकुरतं. मग सोडा.