चीड, देवदार, सरल, सुरू : ‘पाईन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न, अमळनेरहून

नववीच्या वर्गासाठी मी कुमाऊँच्या प्रवासावर एक छोटा उतारा स्वतः लिहिला होता. त्यात ‘वळण संपले आणि उतारावर सगळीकडे चीड दिसू लागली’ असे वाक्य होते. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ‘‘मॅडम, कोणाच्या तोंडावर?’’ वर्ग हसला आणि मीही हसले, पण मराठी कानाला चीड म्हणजे संताप, झाड नव्हे, हे लिहिताना माझ्या लक्षातच आले नव्हते. घरी सासऱ्यांना विचारले, तर ‘‘पाईन म्हणजे आपला देवदार’’ असे सांगून त्यांनी माळ्यावरचे जुने खोके दाखवले. शाळेतल्या शिपाईदादांनी मैदानाच्या कडेचा सुरू दाखवला. भूगोलाच्या तासाला आपण ‘सूचिपर्णी वृक्ष’ म्हणतो, पण ते एका झाडाचे नाव नव्हे. तेव्हा ही सगळी नावे एकाच झाडाची आहेत की निरनिराळ्या झाडांची, आणि पाईनसाठी मराठीत कोणता शब्द वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर, जळगावहून

ताई, सुरूचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवतो. सुरूच्या ज्यांना आपण सुया म्हणतो त्या मुळात हिरव्या, सांधेदार, बारीक डहाळ्या असतात. लहानपणी आम्ही ती डहाळी सांध्यावर तोडून पुन्हा जोडून द्यायचो आणि ‘सांग, कुठे तुटली’ असे विचारायचो. सुरू हे सपुष्प वनस्पतींपैकी झाड आहे आणि त्याचा पाईनशी काहीही संबंध नाही. त्याचे नाव ज्या फारसी ‘सर्व’वरून आले, ते फारसीत सायप्रस या सूचिपर्णी झाडाचे नाव आहे, म्हणजे एका झाडाचे नाव दुसऱ्याच झाडाला मिळाले. आपल्याकडे हे पुष्कळदा होते आणि देवदाराच्या बाबतीत तर फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे.

पाईन हे एका झाडाचे नव्हे, कुळातल्या एका गटाचे नाव आहे आणि त्यात शंभराहून अधिक जाती येतात. तुमच्या उताऱ्यातला चीड ही त्यांपैकी हिमालयातली एक जात. शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्गाय. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची धुरा ज्यांनी सांभाळली, त्या विल्यम रॉक्सबर्ग यांच्या स्मरणार्थ हे नाव १८९७ मध्ये देण्यात आले. त्याआधी या झाडाला पायनस लाँगिफोलिया, म्हणजे ‘लांब पानांचा पाईन’ असे म्हणत, आणि खरे सांगायचे तर तेच नाव झाडाला अधिक शोभत होते, कारण त्याच्या सुया वीस ते तीस सेंटिमीटर लांब असतात आणि त्या तीन-तीनच्या जुडीने येतात. ही जुडी मोजणे म्हणजे पाईनची जात ओळखण्याची पहिली पायरी : चिडाच्या जुडीत तीन, तर त्याहून उंचावर वाढणाऱ्या कैल या दुसऱ्या पाईनच्या जुडीत पाच सुया असतात. पाकिस्तानपासून भूतानपर्यंत हिमालयाच्या खालच्या उतारांवर, साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, चीड वाढतो. (आपले तोरणमाळही हजार मीटरच्या वर आहे, पण उंची जुळली म्हणून रान जुळत नाही.)

देवदार हा याच कुळातला, पण वेगळ्या गटातला वृक्ष आहे. त्याच्या सुया आखूड असतात आणि आखूड फांदीवर त्या झुबक्याने येतात. जुडीत मोजून दोन, तीन किंवा पाच असा हिशेब तिथे लागत नाही. त्याचे शंकू फांदीवर पिंपासारखे उभे राहतात आणि झाडावरच सुटे होऊन त्यांचे खवले गळतात. चिडाचा शंकू मात्र अख्खा खाली पडतो आणि पर्यटक तो पिशवीत घालून घरी आणतात. त्यामुळे तुमच्या ओळखीच्या कोणाच्या दिवाणखान्यात हिमालयातून आणलेला अख्खा लाकडी शंकू असेल आणि ते त्याला देवदाराचे फळ म्हणत असतील, तर त्यांना प्रेमाने दुरुस्त करावे.

आता सासऱ्यांच्या खोक्याकडे येतो. आमच्या घरी जळगावात लाकडाची वखार होती, त्यामुळे ‘देवदार’ हा शब्द मी आधी वखारीत ऐकला आणि झाड फार नंतर पाहिले. वखारीत साग होता, इतर जंगली लाकूड होते आणि तिसरा ‘देवदार’. पिवळट पांढरे, हलके, खिळा सहज घेणारे, स्वस्त, खोक्यांच्या फळ्यांचे जे काही लाकूड येई त्याला एकजात देवदारच म्हणत, मग ते चिडाचे असो, फरचे असो की आणखी कशाचे. देवदारी खोके, देवदारी फळी, देवदारी पेटी. घरी आई चुलीसाठी खोकी फोडायची तेव्हा म्हणायची, ‘‘हाई देवदारनं खोकं शे, चुल्हामा टाकी दे, पन भांडं काळं व्हई.’’ आणि ते खरेच व्हायचे. फळीच्या गाठीतून चर्र आवाज करीत मधासारखे थेंब उकळून बाहेर येत, जाळ एकदम पिवळा होऊन वर चढे आणि तपेल्याच्या बुडाला बोटभर काजळी धरे. गाठीत साचलेला चीक म्हणजे पाईनची राळ, आणि ती काजळी हीच त्या ‘देवदारा’च्या पाईनपणाची सर्वांत सोपी साक्ष होती, पण हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार?

शब्दाच्या या ढिलाईची किंमतही एकदा मोजावी लागली. आमच्या एका नातेवाइकांनी कुठेतरी वाचले होते की देवदाराला वाळवी लागत नाही. ते खऱ्या देवदाराच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. त्याच्या तेलामुळे ते लाकूड टिकते, हिमाचलातील जुनी मंदिरे त्याचीच आहेत आणि रेल्वेचे देवदारी स्लीपर तसेच टाकता येत, तर चिडाच्या स्लीपरला आधी क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारे डांबरी तेल, पाजावे लागे. नातेवाइकांनी ‘देवदाराचे कपाट’ सांगितले, सुताराने वखारीतल्या अर्थाने देवदार आणला आणि दोन पावसाळ्यांत वाळवीने त्याचा मागचा पट खाऊन टाकला. दोष सुताराचा नव्हता, कारण दोघांनी एकच शब्द वापरला होता आणि दोघांच्या मनात वेगवेगळी झाडे होती.

आजही तेच चालू आहे. औद्योगिक वसाहतीत परदेशी यंत्रांबरोबर जी लाकडी पॅलेट येतात त्यांवर ‘एचटी’ अशी डागणी असते. लाकूड ठरलेल्या तापमानापर्यंत तापवून किडीमुक्त केले आहे, असा तिचा अर्थ. ती पॅलेट मोडून निघालेल्या फळ्या भंगारात विकल्या जातात आणि त्यांची स्टुले, शेल्फे होतात. शिवाय कांडला बंदरातून न्यूझीलंडच्या रेडियाटा पाईनचे ओंडके मोठ्या प्रमाणावर देशात येतात. हे झाड मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे. म्हणजे कॅलिफोर्नियाचे झाड, न्यूझीलंडची लागवड, गुजरातचे बंदर आणि खान्देशी सुताराच्या तोंडी नाव ‘देवदार’. रंधा मारताना टर्पेंटाईनसारखा वास आला आणि छिलके बोटांना किंचित चिकटले, तर पाईन समजावा. देवदाराचा वास अधिक गोडसर आणि तेलकट असतो व तो फळीला वर्षानुवर्षे राहतो.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी. खरा देवदार आपल्या घरांत पूर्वापार येत होता, पण खोक्यात नव्हे, काढ्यात. बाळंतिणीला देतात त्या देवदार्वादि काढ्यात पहिले द्रव्य तेच आहे. आजीच्या तोंडचा देवदार खरा होता आणि वडिलांच्या वखारीतला नावापुरता.

धुळ्याहून

दादांनी देवदाराचे छान उकलून सांगितले आहे. संस्कृताच्या बाजूने थोडी भर घालतो. पाईनसाठी संस्कृतात स्वतंत्र आणि जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘सरल’. अमरकोशात पीतद्रु, सरल आणि पूतिकाष्ठ ही नावे एकत्र येतात. पहिले पिवळ्या लाकडावरून, दुसरे सरळ वाढणाऱ्या बुंध्यावरून आणि तिसरे लाकडाच्या उग्र वासावरून. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हिमालयाचे वर्णन करताना हत्ती गालाची खाज भागवण्यासाठी सरलवृक्षांना अंग घासतात, त्यातून चीक पाझरतो आणि त्याच्या गंधाने डोंगरमाथे सुगंधित होतात, असे कालिदासाने सांगितले आहे. म्हणजे साल खरवडली की चीक वाहतो, ही गोष्ट त्याने नेमकी टिपली आहे. रघुवंशात मात्र शंकराने मुलासारखा वाढवलेला वृक्ष देवदार आहे. कवीच्या मनात या दोन झाडांचा घोळ नव्हता, तो आपण नंतर केला.

अडचण एवढीच की मराठीत ‘सरल’ लिहिले की वाचक ते ‘सोपे’ किंवा ‘सरळ’ असे वाचतो. ‘सरलवृक्ष’ असे जोडून लिहिल्यास निभावते. ‘चीड’चे इंग्रजीत ‘chir’ झाले, तिथून उलट प्रवास करून आलेले ‘चीर’ तर अजिबात घेऊ नये. आपल्याकडे चीर म्हणजे भेग, आणि दुसरीकडे वस्त्र.

शहाद्याहून

मला झाडापेक्षा राळेबद्दल लिहायचे आहे, कारण मराठी माणसाचा पाईनशी खरा संबंध लाकडाइतकाच राळेतून आला आहे.

आमच्या सातपुड्यात पाईन नाही, पण चीक देणारी सालई आहे. उन्हाळ्यात पाने गळाली की तिची कागदासारखी सुटणारी साल लांबून चमकते. सालीला खाच दिली की घट्ट, सुवासिक डिंक पाझरतो. आमच्याकडे तो धूप म्हणून निखाऱ्यावर टाकतात. त्याचे ऊर्ध्वपातन केले तर त्यातूनही टर्पेंटाईनच्या जातीचे तेल निघते. त्यामुळे आमच्या आदिवासी भावांना चिडाची माहिती द्यायची असेल, तर ‘हिमालयातली सालई’ असे म्हटल्यास अर्धी गोष्ट लगेच कळते. झाडे दूरची आहेत, पण काम एकच.

चिडाच्या चिकाला उत्तराखंडात ‘लिसा’ म्हणतात आणि गळालेल्या सुयांना ‘पिरूल’. हे दोन्ही शब्द मराठीत जसेच्या तसे घ्यावेत, असे माझे मत आहे. पिरूलचा जाड थर सावकाश कुजतो आणि उन्हाळ्यात चटकन पेटतो. तिथल्या वणव्यांच्या प्रत्येक बातमीत हा शब्द लागतो, आणि ‘पाईनच्या वाळलेल्या सुयासदृश पानांचा थर’ असे दर वेळी लिहिणे म्हणजे वाचकाला शिक्षा आहे. मोठ्या चिडाची साल जाड असल्यामुळे तो स्वतः बहुधा वाचतो, जळते ते त्याच्या खालचे रान.

लिसा तापवून ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाईनचे तेल वेगळे होते आणि मागे उरणारा ठिसूळ, काचेसारखा घन भाग म्हणजे राळ. साधारण तीन हिस्से राळ आणि जेमतेम एक हिस्सा तेल, असे प्रमाण पडते. काष्ठौषधीच्या दुकानात ज्याला गंधाबिरोजा म्हणतात, तोही याच चिकाचा प्रकार. संस्कृतातील ‘राल’ ही मात्र मुळात शाल वृक्षाची. आज बाजारात राळ मागितली तर बहुतेक वेळा चिडाचीच हाती येते.

आता वाक्प्रचार. ‘आरोपांची राळ उडवली’ असे वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळते, आणि अनेकांना राळ म्हणजे धूळ किंवा चिखल वाटतो. माझ्या मते या वाक्प्रचाराचे मूळ सोंगांच्या खेळात आहे. राक्षसाचे सोंग आले की एकजण मशालीवर राळेची पूड मुठीने फेकी, भपकन जाळ उठे, पोरे मागे सरत आणि क्षणात सगळे विझून नुसता धूर उरे. ज्या आरोपांचा भपका मोठा आणि टिकाव शून्य, त्यांच्यासाठी याहून नेमका शब्द सापडणार नाही. शिंतोडे उडवणे वेगळे आणि राळ उडवणे वेगळे. आणि हो, राळ्याचा भात करतात तो राळा हे तृणधान्य आहे, त्याचा या राळेशी संबंध नाही.

पुन्हा जळगावहून, सराफ बाजारातील एक वाचक

आमच्याकडे दागिन्यावर ठशाचे काम करणारे कारागीर अजूनही राळ वापरतात. राळ, विटकरीची बारीक भुकटी आणि थोडे तेल एकत्र तापवून लाकडी ठोकळ्यावर त्याचा गोळा बसवतात. गोळा गरम असताना दागिना त्यात दाबायचा. गार झाला की तो असा घट्ट बसतो की ठोक खाऊनही हलत नाही, आणि खालचा आधार किंचित दबत असल्यामुळे पत्रा फाटत नाही. काम झाल्यावर पुन्हा ऊब द्यायची आणि दागिना उचलून घ्यायचा. लहानपणी मला वाटे की राळ ही सोनारांचीच वस्तू आहे. ती एका झाडाचा चीक आहे हे कळले तेव्हा मी कॉलेजात होतो.

अमळनेरहून, प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मी असे ठरवते आहे : गटाचे नाव म्हणून ‘पाईन’, संस्कृत संदर्भ असेल तेव्हा ‘सरलवृक्ष’, आणि हिमालयातल्या त्या विशिष्ट जातीसाठी ‘चीड’. ‘देवदार’ फक्त देवदारालाच. एकच शंका उरते. झाडाचा चीड कोणत्या लिंगात चालवावा?

धुळ्याहून

ताई, पुल्लिंगात. हिंदीतही तो पुल्लिंगीच आहे आणि मराठीत संतापाची चीड स्त्रीलिंगी असल्यामुळे लिंगानेच दोघांची फारकत होते. ‘चीड आली’ म्हणजे राग, ‘चीड वाढला’ म्हणजे झाड, आणि सामान्यरूप ‘चिडाचे लाकूड’, ‘चिडाखाली’. तुमच्या वाक्यात ‘दिसू लागली’ऐवजी ‘दिसू लागला’ असते, तर मागच्या बाकावरच्याला विचारायला जागाच उरली नसती.