व्हिटॅमिन ई वापरून वीक बेस मोजायचाय, सॉल्व्हंट आणि बेस कुठले घेऊ?

खानापूरकर: नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट करायलोय बेळगावात. अल्फा टोकोफेरॉलचं (म्हणजे व्हिटॅमिन ईचं) ॲसिटोनायट्राइल या सॉल्व्हंटमध्ये ऑक्सिडेशन करायचं, त्यात सुटलेला प्रोटॉन बेस धरतो, मग सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (सीव्ही, व्होल्टेज वर नेऊन परत आणत करंट मोजायचा) रिडक्शनचा पीक किती सरकला त्यावरनं बेसची ताकद काढायची असं डोक्यात आहे. मेडिकलमधनं व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आणून फोडल्या, तर पाहिजे तिथं पीकच नाही. मग सिनियरकडनं शुद्ध टोकोफेरॉल घेतलं, व्होल्टेज वर जाताना पीक मस्त येतो पण परत येताना जवळपास गायब. ट्रायइथाइलअमाइन आणि पिरिडीन आणून ठेवलंय. काय चुकायलंय?

निपाणीचा अण्णा: कॅप्सूलचं पाकीट वाच की, त्यात बहुतेक टोकोफेरिल ॲसिटेट असतं. फिनॉलचा ओएचच झाकलेला, मग प्रोटॉन सुटणार कुठनं? फ्री टोकोफेरॉलच पाहिजे. १० मिली २ मिलिमोलर करायला ८.६ मिलिग्रॅम पुरतं. तेलासारखं चिकट असतं, थेट वजन करायच्या नादाला लागू नको, आधी स्टॉक करून घे. उजेडात ठेवू नको.

चिकोडीची अक्का: येतानाचा पीक जातोय म्हणजे मला पाण्याचाच संशय येतोय. दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन गेला की फिनॉक्सोनियम कॅटायन (धन भाराचा आयन) उरतो. बाकीच्या फिनॉलांचा लगेच मोडतो, टोकोफेरॉलची रिंग मिथाइलांनी भरलीय म्हणून तो टिकतो. पण पाणी मिळालं की हेमिकीटल होऊन पुढं क्विनोनच्या वाटेला लागतो. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पाणी स्वतःच वीक बेस आहे बघ, तुझ्या बेसच्या आधी तेच प्रोटॉन धरून बसतं आणि तू मोजतोस पाणी. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात खानापूरच्या हवेत नुसती बाटली उघडली तरी ओल आत जाते. ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ह्स (पाणी शोषणारे बारीक छिद्रांचे दाणे) घे, ४ च्या नको, त्यात ॲसिटोनायट्राइल पण शिरतं. व्हॅक्यूमखाली २५०-३०० डिग्रीला तापव, सॉल्व्हंट त्यावर दोन दिवस ठेव, द्रावणातनं वीज जावी म्हणून घालतोस ते मीठ पण व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळव. सेलवर नायट्रोजन चालू ठेव, फेरोसीन (व्होल्टेज ज्याच्याशी ताडून बघायचं ते) अगदी शेवटी घाल.

शहापूरवाला: अक्का बोलल्या ते सगळं बरोबर. ट्रायइथाइलअमाइन मात्र बाजूला ठेव, ते स्वतःच टोकोफेरॉलच्या आसपास ऑक्सिडाइज होतं, पीक एकमेकात घुसतात. पिरिडीन आणि त्याची भावंडं बरी, ती फार वर जाऊन ऑक्सिडाइज होतात. २,६-ल्युटिडीन पण लावून बघ, नायट्रोजनच्या दोन्ही बाजूला मिथाइल असल्यानं कॅटायनला चिकटायची भीती कमी. पीकेए (ॲसिड प्रोटॉन किती सहज सोडतं त्याचा आकडा) घेताना पाण्यातला घेऊ नको हं, पिरिडिनियमचा पाण्यात ५.२ आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये १२.५ च्या आसपास. बेस आणि त्याचं प्रोटोनेटेड मीठ दोन्ही घातलेस तर प्रोटॉन बांधलेला राहतो, मग पीकेए एकानं वाढला की पीक साधारण ३० मिलीव्होल्ट खाली यायला पाहिजे थिअरीनं.

खानापूरकर: अक्का, पाणीपण बेसच हे डोक्यातच आलं नव्हतं ओ. अण्णा, कॅप्सूलच्या पाकिटावर ॲसिटेटच लिहिलंय. ओव्हन मंगळवारी रिकामा मिळतोय, सीव्ह्स आणि मीठ दोन्ही टाकतो. आधी बेस न घालता नुसत्या टोकोफेरॉलचा सीव्ही काढून ग्राफ इथं टाकतो.

चिकोडीची अक्का: तोच आधी टाक. वेगवेगळे स्कॅन रेट (व्होल्टेज बदलायचा वेग) घे, संथ घेतल्यावरपण येतानाचा पीक टिकला तरच बेस घाल.