एक टक्का बेरोजगारी आणि आपलं इंदूर

रामबागवाला
काल मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली: "मध्य प्रदेशात बेरोजगारी फक्त १ टक्का, देशात सगळ्यात कमी. शिकल्यासवरल्या केरळात ७.२. लॉकडाऊनचं रडगाणं पुरे, ज्याला काम हवंय त्याला इथे मिळतं." वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आकडा खोटा नाही. २०२३-२४ च्या पीएलएफएस या सरकारी सर्वेक्षणातलाच आहे. पण त्याच मालिकेत मागे जाऊन बघा. २०१८-१९ ला देशाचा दर ५.८ होता. पुढचं सर्वेक्षण वर्ष जुलै २०१९ ते जून २०२०. म्हणजे लॉकडाऊनचे एप्रिल-मे त्यातच आले. राजवाडा ओस, सराफा बंद, पीथमपूरच्या कारखान्यांचे भोंगे बंद. त्या वर्षाचा दर किती? ४.८. आधीच्यापेक्षा कमी!

हे कसं झालं? वार्षिक दर वर्षभराचा हिशेब धरतो, आणि वर्षात निदान तीस दिवस किरकोळ जोडकाम केलेला माणूसही कामावर आहे असं मोजलं जातं. नोकरी गेली, गावी गेला, भावाच्या शेतात राबला, की बेरोजगारांच्या यादीतून नाव गेलं. कामावरच्या लोकांत शेतीतल्यांचा वाटा त्या एका वर्षात ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर चढला. २०२३-२४ लाही तो ४६.१ होता. तोवर माणसं शेतातून परतलेलीच नव्हती, आणि आपण सावरलो म्हणतोय.

क्लॉथ मार्केट
पोस्ट माझी होती. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

त्याच सर्वेचे तिमाही आकडे का गाळलेत? शहरी दर एप्रिल-जून २०२० ला २०.८ होता. २०२१ ला त्याच तिमाहीत १२.६, २०२२ ला ७.६, २०२३ ला ६.६. लॉकडाऊनच्या आधी, २०१९ ला, ८.८ होता. म्हणजे आधीपेक्षाही खाली आला. २०.८ चा आकडा तेव्हा तुम्हीच सगळ्यांना पाठवत होतात. तेव्हा सर्वे खरा, आणि आता उतरला तर त्यात खोट? माझ्या दुकानात २०२० ला थान उघडायला माणूस नव्हता, कारण गिऱ्हाईकच नव्हतं. आज दिवाळीच्या आधी हाताखाली पोरं मिळत नाहीत. हे मी डोळ्यांनी बघतोय.

रामबागवाला
तिमाही दर देशभरातल्या शहरांचा आहे, तो इंदूरचा नाही. शिवाय त्यात आठवड्यातून एक तास काम केलं तरी माणूस बेरोजगार ठरत नाही. २०.८ चं महत्त्व हेच, की लोकांना तो एक तासही मिळत नव्हता. तो मिळायला लागला, चांगलंच झालं. पण "ज्याला हवं त्याला काम मिळतं" हे त्यातून निघत नाही. आणि पोस्टमधला १ टक्का सगळ्या राज्याचा. त्यात झाबुआ, मंडला, डिंडोरीची शेतं आली. तो इंदूरच्या डोक्यावर कसा ठेवता?

पीथमपूर शिफ्ट
२०२० ला आम्हाला काढलं. पुढच्या वर्षी परत बोलावलं, ते ठेकेदारामार्फत. मशीन तेच, पगार कमी, पीएफ गायब. सर्वेवाला आला तर मी कामावर आहेच, आधीही होतो. मधे माझं काय गेलं ते दरात कुठे दिसतं, तेवढं क्लॉथ मार्केटवाल्या दादांनी सांगावं.

सुदामानगर वहिनी
तुम्हा पुरुषांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण देशात २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं, २०२३-२४ ला ४१.७ झालं. रामबागवाले याला लगेच मजबुरी म्हणतील. मला ते चालणार नाही. ह्यांचा पगार अर्धा झाला तेव्हा मी डबे सुरू केले, हे खरं. पण आता पगार पूर्ण येतो आणि डबे बंद करायचा विचारही माझ्या मनात येत नाही. गॅसवाल्याला, भाजीवालीला मी माझे पैसे देते. याला कुणी खोटा रोजगार म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

रामबागवाला
वहिनी, तुमच्या डब्यांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण पोळ्या कोण लाटतं? त्यांना काय मिळतं?

सुदामानगर वहिनी
सासूबाई लाटतात. पैसे नाही देत. घरच्याच आहेत.

रामबागवाला
सर्वेत त्याही रोजगारात. देशात कामावरच्या लोकांत असे घरच्या धंद्यातले बिनपगारी मदतनीस २०१७-१८ ला १३.६ टक्के होते, २०२३-२४ ला १९.४. पगारी नोकऱ्यांचा वाटा मात्र २२.८ वरून २१.७ वर आला. दर उतरला तो यांच्या जोरावर.

भंवरकुआं
मला कुठे मोजता तेही सांगा. बी.ई. झालोय, पीएससीची तयारी करतो. सर्वेवाल्याला "शिकतोय" म्हटलं तर मी श्रमबलातच, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतच नाही, मग बेरोजगार कुठून होणार? आमच्या गल्लीत खोलीखोलीत असे बसलेत.

क्लॉथ मार्केट
हाताला काम असून तुम्ही नको म्हणता, त्याला बेरोजगारी नाही म्हणत. दुकानावर या, उद्यापासून ठेवतो.

भंवरकुआं
काका, देणार किती? आणि रविवारची सुट्टी? बाबांनी शेत गहाण ठेवून इंजिनीअर केलं ते थान उचलायला नाही.

क्लॉथ मार्केट
थान उचलूनच माझ्या बापाने तीन मुलींची लग्नं केली. कामाला हलकं म्हणणाऱ्यांना बेरोजगारी भत्ता मागायचा हक्क नाही.

भंवरकुआं
भत्ता मी मागितलाच नाही. परीक्षा वेळेवर घ्या, निकाल अडकवू नका, एवढंच मागतोय. वय निघून चाललंय.

नंदानगर
पोरावर कशाला ओरडता? आमची मिल बंद पडली तेव्हा वडील चाळिशीत होते. दुसऱ्या महिन्यात रिक्षा धरली, कारण घरी बसणं परवडत नव्हतं. कुठल्याही सर्वेत ते बेकार दिसले नसते. हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकबाकी तर तीसेक वर्षांनी, डिसेंबर २०२३ ला मिळाली. तोपर्यंत कितीतरी गेले. केरळात दर ७.२ निघाला कारण तिथला शिकलेला मुलगा मनासारख्या कामाची वाट बघू शकतो, घर त्याला तेवढं पोसतं. आपल्याकडचा गरीब वाट बघत नाही, मिळेल ते धरतो. तो १ टक्का म्हणजे हे आहे. यात मिरवण्यासारखं काय?

क्लॉथ मार्केट
तात्या, तुमचा मान राखून बोलतो. केरळशी तुलना मागे घेतो, तेवढंच. बिनपगारी मदतनिसांचा आकडा मला ठाऊक नव्हता, पुढच्या वेळी दरासोबत तोही टाकीन. पण २०.८ वरून ६.६ ही सुधारणाच आहे, आणि ती नाकारणाऱ्याशी मी परत भांडेन.

पीथमपूर शिफ्ट
पीएफचं कुणी बोललंच नाही.

भंवरकुआं
आणि पगार किती देणार, तेही काकांनी सांगितलं नाही.