प्रतिसाद : टीबीच्या गोळ्या चालू झाल्या आणि आयएनआर खाली आला

दादा, तुम्ही लिहिलंय की आबांना एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडायचा आजार) आहे, रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन चालू आहे आणि टीबीचं औषध सुरू झाल्यापासून आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) १.२ च्या वर जाईना, गोळी डुप्लिकेट असेल काय. गोळी बरोबरच असणार. हे टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळं होतंय, ते लिव्हरमधली एन्झाइम इतकी वाढवतंय की वॉरफरिन लवकर मोडून जातंय. आमच्या आईचं अगदी असंच झालेलं, आम्ही पालेभाज्यांमुळं आयएनआर खाली येतोय समजून उगंच तिची मेथी-शेपू बंद केली. एपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅनसारख्या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांची पण रक्तातली पातळी रिफाम्पिसिननं घसरते, त्यामुळं वॉरफरिन बदलून त्या घ्यायचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

वर एका ताईंनी जीन टेस्टचं विचारलंय. वॉरफरिनचा डोस सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ या जीन्सवर ठरतो हे खरं, आणि एनएटी२ जीनमुळं ज्यांच्यात आयसोनियाझिड हे टीबीचंच दुसरं औषध हळू मोडतं त्यांच्या लिव्हरला त्रास व्हायचा धोका जास्त, पण आत्ता आबांना त्यापेक्षा दर आठवड्याचा आयएनआर कामाचा, लॅब कोल्हापूरच्या राजारामपुरीत नाहीतर कुठंही चालेल.

खरी भीती नंतर आहे. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपला की एन्झाइम दोनेक आठवड्यांत पूर्ववत होतात आणि रिफाम्पिसिनमुळं वाढवलेला वॉरफरिनचा डोस तसाच राहतो. आईच्या हातावर बांगडी चढवताना काळेनिळे डाग उठले, ब्रशला रक्त लागलं, तपासलं तर आयएनआर ६, म्हणजे रक्त फारच पातळ. तेव्हा कोर्स संपायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा आणि हार्टच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, आणि टीबीची गोळी मात्र एक दिवस पण चुकवू नका.