मदत हवी आहे: दोन मोजण्यांत बांध 9 फुटांनी सरकला

नमस्कार मंडळी. आमच्या दीड एकराच्या गटाला लागून शेजाऱ्यांचं रान. 2011 ला आम्ही मोजणी आणली तेव्हा हद्द बांधावरच आली होती, त्या मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत (अर्जदाराला मिळते ती) जपून ठेवली आहे. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी मोजणी मागवली. यंदा मोजणीवाले रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने माप घेणारं यंत्र) घेऊन आले आणि चुन्याची रेघ आमच्या रानात 9 फूट आत! विहिरीचा काठ आणि आजोबांनी लावलेले तीन आंबे पलीकडे गेले. दादा त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत.

माझी शंका अशी. पूर्वी माप कोपऱ्यावरच्या बुरुजाच्या दगडापासून, म्हणजे हद्दीच्या खुणेच्या दगडापासून धरलं होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा तो दगड गाडला गेला. यंदा रस्त्याची आताची कड धरली, असं मला जागेवर दिसलं. मी हरकत लिहून दिली, पंचनाम्यावर सही केली नाही. जुनं टिपण (मूळ मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा) 33 फुटी साखळी आणि आण्यांत (साखळीचा सोळावा भाग) आहे, ते मला धड वाचता येत नाही.

निमताना मोजणीचा (आधीची मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून होणारी फेरमोजणी) अर्ज आम्ही करू शकतो का, की मूळ अर्जदारानेच करायचा? सोबत टिपण, गटबुक (गटाच्या नकाशाची नोंद) आणि जमीन एकत्रीकरण योजनेचा नकाशा जोडावा का? शेजारी तारेचं कुंपण घालायच्या तयारीत आहेत, तोवर दिवाणी कोर्टातून मनाई घ्यावी का?

शेजारी अण्णा वाईट माणूस नाहीत, चाळीस वर्षं एकाच विहिरीचं पाणी प्यायलोय. भांडण न करता मार्ग निघाला तर हवाच आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.